छोटीच्या घड्याळाने गुलबर्ग्यापर्यंत

पुण्याहून गुलबर्ग्याला गाडीने जायला सात-आठ तास पुरतात. आम्ही चार दिवस घेतले. हा बेत ज्याला सांगितला तो आधी हसला आणि मग त्याने विचारले, "एवढ्या लहान पोरीला घेऊन जाताच कशाला? अजून वर्षभर थांबा की."

थांबता येण्यासारखे नव्हते. अम्मींची मोठी बहीण, आमची बडी खाला, गुलबर्ग्यात राहते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, घराचा उंबरठा ओलांडायचा तरी दोघांचा आधार लागतो. दोघी बहिणींची चार वर्षांत भेट नव्हती आणि आमची वीस महिन्यांची छोटी खालाने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती. गेल्या पावसाळ्यात खालाला आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. त्यानंतर अम्मी रोज एकच वाक्य बोलत होत्या, "एक बार मिलके आते." तेव्हा जायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो कसे जायचे याचा. गाडीत चौघे: आम्ही दोघे, गुडघेदुखीच्या अम्मी आणि छोटी.

आधी तिचे वेळापत्रक, मग नकाशा

सहसा आपण नकाशा उघडतो, अंतर पाहतो, तास मोजतो आणि मुलाला त्यात कोंबतो. आम्ही उलटे केले. आठवडाभर एका वहीत छोटीचा दिवस लिहून काढला. ती कधी उठते, कधी भूक लागते, कधी खेळते, कधी किरकिरते. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. सकाळी साडेसहाच्या आत उचलून गाडीत ठेवले तर ती आणखी तासभर झोपते. आणि दुपारी एक ते तीन तिची पक्की झोप असते. म्हणजे गाडी चालवायचे तास आम्हाला मिळाले: फजरच्या नमाजेनंतरचे दोन आणि जोहरनंतरचे दोन. मधला वेळ तिचा.

जागेपणी दीड-दोन तासांपेक्षा जास्त तिला आसनात बांधून ठेवायचे नाही, हे दुसरे ठरले. तिसरे म्हणजे मगरिबनंतर गाडी चालवायची नाही. हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावर साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात समोर येईपर्यंत दिसत नाहीत. दिवस मावळायच्या आत मुक्काम, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

असा हिशेब मांडल्यावर चार टप्पे आपोआप पडले. पुणे ते सोलापूर सुमारे २५० किलोमीटर, दोन तुकड्यांत. सोलापूर ते विजापूर सुमारे १००, एका झोपेत. विजापुरात एक पूर्ण दिवस. मग विजापूर ते गुलबर्गा सुमारे १६० किलोमीटर, सिंदगी आणि जेवर्गीमार्गे. २०१४ पासून सरकारी पाट्यांवर या दोन शहरांची नावे विजयपूर आणि कलबुर्गी अशी आहेत. घरात मात्र जुनीच नावे चालतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

मांडी की आसन

घरात खरा वाद झाला तो आसनावरून. अम्मींचे म्हणणे होते की मूल आजीच्या मांडीवर जितके सुरक्षित, तितके कुठेच नाही. "चार बच्चे गोदीमें बडे हुए मेरे," हे त्यांचे उत्तर. त्यात मायाही होती आणि थोडा अपमानही. आपली मांडी आता पुरत नाही, असे कुणी सांगितले तर कुणाला आवडेल?

कायदा सांगून उपयोग नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे आसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. हजार रुपये भरू म्हणणारे लोक कमी नाहीत. हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर ११ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १८५ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो जगातल्या कुठल्याही आईच्या हातांत नाही.

तरीही अम्मींना आकडे पटले नाहीत. पटली ती आट्याची पिशवी. एका रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात त्यांना पट्टा लावून मागे बसवले आणि दहा किलोची आट्याची पिशवी मांडीवर दिली. घट्ट धरा म्हटले. गाडी सायकलच्या वेगाने चालली होती, ब्रेक जरासा जोरात दाबला. पिशवी सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बच्ची उसीमें बैठेगी. पर मैं बाजूमें."

तसेच ठरले. आसन मागच्या सीटवर, छोटीचे तोंड मागच्या बाजूला, शेजारी अम्मी आणि त्यांचा हात तिच्या हातात. आसनाची सवय निघायच्या दिवशी लावायची नसते. तीन आठवडे आधीपासून आम्ही तिला बाजाराला, नानीच्या घरी, पेट्रोल भरायला त्यातच बसवून नेत होतो. पहिले तीन दिवस तिने आकाशपाताळ एक केले. चौथ्या दिवशी ती त्यात झोपली.

दोन पिशव्या आणि एक कागद

सामान किती न्यायचे यापेक्षा कोणते कुठे ठेवायचे, हे महत्त्वाचे. डिकीत मोठी बॅग, जी फक्त मुक्कामाला उघडायची. पायाशी छोटी पिशवी, जिच्यात दिवसभराचे सगळे: लंगोट, कपड्यांचे दोन जोड, ओले रुमाल, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, मऊ खिचडीचा डबा, केळी, नाचणीचे सत्त्व, एक सुती दुपट्टा. तो दुपट्टा उन्हाला पडदा, पाजताना आडोसा आणि झोपताना पांघरूण झाला. बसायला चटई वेगळी, जानमाज वेगळी. खेळणी घरून सात नेली होती. चालली ती एकच, स्टीलची वाटी आणि चमचा.

कागद म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला. निघायच्या आठवडाभर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तापाच्या औषधाचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ते त्यांच्याकडूनच लिहून घेतले. गाडी लागू नये म्हणून दिली जाणारी औषधे एवढ्या लहान मुलांना आपल्या मनाने द्यायची नाहीत, हेही विचारून घेतले. क्षारसंजीवनीची पाकिटे घेतली. ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायची आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवला. तीन क्रमांक कागदाच्या खाली लिहिले: रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.

मुक्कामाची खोली ठरवताना फोनवर चारच प्रश्न विचारले. खोली तळमजल्यावर आहे का? गादी जमिनीवर टाकता येईल का? सज्जा आहे का? पाणी उकळून मिळेल का? ज्यांना हे प्रश्न विचित्र वाटले, तिथे आम्ही राहिलो नाही.

भीमेच्या काठाकाठाने

पहिल्या दिवशी फजर पढून सव्वासहाला निघालो. छोटी झोपेतच आसनात गेली आणि भिगवण जवळ आल्यावर जागी झाली. उजनी धरणाचे पाणी इथवर पसरलेले आहे आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी उतरतात. लोक नावेतून जवळ जातात. छोटीच्या मापाचे लाइफ जॅकेट नव्हते, म्हणून आम्ही काठावरच बसलो. दूरवर गुलाबी रेघ हलत होती. ती तिला दिसली की नाही कोण जाणे. तिला काठावरची म्हैस दिसली आणि तेवढे तिला पुरले. दोन तास चटईवर बसून नाश्ता, चिखल, वाटी-चमचा. अम्मी म्हणाल्या, या रस्त्याने आपण वीस वेळा गेलो असू, हे पाणी आज पाहिले.

टेंभुर्णीला जेवण आणि जोहर. सफरेत चार रकअतींच्या दोन होतात, मुसाफिराचे ओझे शरीअतच हलके करते. एकच्या सुमाराला गाडी सुरू झाली आणि दहा मिनिटांत मागच्या सीटवर आजी आणि नात दोघीही झोपल्या. तीनच्या आत सोलापूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या बागेत छोटीला मोकळे सोडले आणि दुपारच्या झोपेत विजापूर गाठले. वाटेत भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. आदल्या दिवशी भिगवणला जिच्या काठावर नाश्ता केला, तीच ही नदी. जेवर्गीच्या पुढे, गुलबर्ग्याच्या आधी, ती तिसऱ्यांदा भेटली. भरधाव गेलो असतो तर हे तिघांपैकी कुणाच्या लक्षात आले नसते.

विजापुरात दोनच इमारती

विजापुरात पाहायचे म्हटले तर आठवडा कमी पडेल. मुलुख-ए-मैदान तोफ, अर्धवट राहिलेली बाराकमान, आसार महाल, जामा मशीद, गगन महाल. आमच्या यादीत दोनच ठेवल्या: इब्राहीम रोजा संध्याकाळी आणि गोल गुंबज सकाळी. बाकीच्या शेकडो वर्षे उभ्या आहेत, पुढच्या वर्षीही असतील. आमची घाई दगडांसाठी नव्हती, गुलबर्ग्याच्या एका पलंगासाठी होती.

इब्राहीम रोजा म्हणजे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची कबर. त्याचे निधन १६२७ चे. एकाच उंच चौथऱ्यावर एका बाजूला मकबरा, समोर मशीद, मध्ये हौद आणि भोवती बाग. मकबऱ्याच्या भिंतींवर दगडात कोरलेली अक्षरे आणि जाळ्या इतक्या नाजूक, की अम्मी एका खिडकीसमोर अर्धा तास बसून राहिल्या. छोटी हिरवळीवर पडत-उठत होती. आम्ही आळीपाळीने एकजण तिच्या मागे आणि एकजण इमारतीत. असर झाली, उन्हाचा रंग बदलला, दगड मधासारखा दिसू लागला. लहान मूल बरोबर असल्यावर संध्याकाळभर एका जागी थांबायला कुणाला कारण द्यावे लागत नाही.

गोल गुंबजाला मात्र सकाळी दार उघडताच गेलो. मुहम्मद आदिलशहाचा हा मकबरा. १६५६ साली तो वारला आणि इथेच त्याचे दफन झाले. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. त्याखालचे सुमारे १,७०० चौरस मीटरचे दालन एकाही खांबाशिवाय उभे आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी घुमटाचा भार भिंतींवर नेला आहे. कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांमधून अरुंद जिने वर जातात आणि घुमटाच्या आतल्या सज्जात उघडतात. तिथे एका बाजूला कुजबुजलेले पलीकडे स्पष्ट ऐकू येते आणि एक टाळी अनेकदा परत येते.

अम्मी खाली थांबल्या. छोटीला कापडी झोळीत छातीशी बांधून आम्ही वर गेलो. दहाच्या सुमाराला शाळांच्या सहली येतात आणि मग त्या घुमटात मोठ्यांनाही कान झाकावे लागतात, म्हणून ही पहाटेची घाई. वर आमच्याशिवाय चार-पाच माणसेच होती. छोटीने सवयीने हाक मारली, "दादी!" घुमटाने ती हाक परत केली, पुन्हा केली, पुन्हा केली. ती आधी घाबरली, मग तिने वर पाहिले, मग सगळीकडे शोधले. खालून अम्मींनी पदर हलवला. एवढ्या उंचीवरून त्या पांढऱ्या ठिपक्याएवढ्या दिसत होत्या.

मशिदीत एक खोली

या प्रवासात एक गोष्ट मनाला लागली, ती इथेच सांगतो. रस्त्यालगत मशिदी पुष्कळ आहेत आणि पुरुषांची सोय बहुतेक ठिकाणी होते. बायकांची होत नाही. एका ठिकाणी दारातूनच सांगण्यात आले की बायकांसाठी जागा नाही. अम्मींनी गाडीत बसून नमाज पढली आणि छोटीला दुपट्ट्याच्या आडोशाने गाडीतच पाजावे लागले, बाहेर ट्रकांची रांग. दुसऱ्या एका गावात मशिदीच्या खादिमांनी न विचारता मकतबची खोली उघडून दिली, चटई अंथरली, बादलीभर पाणी आणून ठेवले आणि स्वतः लांब जाऊन बसले. पंधरा मिनिटांत वुजू, नमाज, पाजणे, लंगोट बदलणे, सगळे झाले.

नमाज पढवताना मूल रडल्याचा आवाज आला, तर त्याच्या आईची तगमग ओळखून प्रेषित मुहम्मद (स.) नमाज थोडक्यात आटोपत, असे सहीह बुखारीत आलेले आहे. महामार्गालगतच्या मशिदींच्या विश्वस्तांनी एवढाच विचार करावा: एक पडदा लावलेला कोपरा, एक नळ, एक बाक. खर्च फार नाही. बायका-मुलांसह निघालेल्या प्रत्येक कुटुंबाची दुआ त्या गावाला मिळेल.

खालाचा पलंग

चौथ्या दिवशी गुलबर्ग्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चालली होती. हा तुरीचा मुलूख आहे, इथल्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. छोटी झोपली होती. खालाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा तीन वाजले होते आणि ती नुकतीच डोळे चोळत उठत होती.

दोघी बहिणी भेटल्या, त्याबद्दल फार लिहिता येणार नाही. अम्मी पलंगाच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ दोघींपैकी कुणीही बोलले नाही. आमचे लक्ष छोटीकडे होते. अनोळखी घर, अनोळखी चेहरा, रडेल का? खालाने तिला बोलावले नाही, हात पसरले नाहीत. उशाखालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पलंगावर ठेवला. छोटी झोप पुरी करून आलेली, पोट भरलेले. तिने जुडग्याकडे पाहिले, खालाकडे पाहिले आणि पलंगाची चादर धरून वर चढायला लागली. पाच मिनिटांत ती खालाच्या कुशीत बसून किल्ल्या वाजवत होती. आठ तास सलग बांधून आणली असती, तर ती त्या दिवशी आमच्या खांद्यावरून उतरली नसती. चार दिवस कशासाठी, याचे उत्तर आम्हाला इथे मिळाले.

दोन दिवस राहिलो. सकाळच्या न्याहारीला गुलबर्ग्याची तहरी, छोटीला वाफाळती इडली. किल्ल्यातली जामा मशीद पाहिली. १३६७ ची ही बहमनी मशीद आपल्याकडच्या मशिदींहून निराळी आहे. तिला उघडे अंगण नाही, सगळीच्या सगळी छताखाली आहे. कमानीमागे कमान, त्यामागे आणखी कमान. उन्हापासून सुटका आणि लपाछपीला एवढी जागा छोटीने आयुष्यात पाहिली नव्हती.

हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या दरगाहच्या आवारात खालाच्या मुलाने त्यांची हकिकत सांगितली. ते जन्मले दिल्लीत. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या धामधुमीत लहानपणी आईवडिलांबरोबर दख्खनमध्ये आले. वडिलांची कबर खुलताबादेत आहे. पुढे दिल्लीला परतले आणि ऐंशीच्या आसपास वय असताना, तैमूरच्या स्वारीच्या वेळी, पुन्हा दक्षिणेची वाट धरली. १४२२ साली गुलबर्ग्यात त्यांचे निधन झाले. एकदा मूल म्हणून आणि एकदा वृद्ध म्हणून, एवढा रस्ता! त्या काफिल्यांत किती आया, किती तान्ही मुले असतील, ती कुठे थांबत असतील, कुठे पाणी मिळत असेल. डांबरी रस्त्याने, थर्मास घेऊन आलेल्या आम्हाला त्यावर बोलायला काही उरले नाही.

निघताना खालाने अम्मींचा हात धरला आणि म्हणाली, "अगले साल बिदर जाके आना, मेरेकू होके." बिदर तिथून शंभर-एक किलोमीटर पुढे. म्हणजे पुढच्या वर्षीही या वाटेने यायचे. इन्शाअल्लाह.

परतीचा रस्ता अक्कलकोट-सोलापूरवरून, दोन दिवसांत. छोटीने गुलबर्ग्याहून एक शब्द बरोबर आणला. तिथल्या घरात सारखा कानावर पडणारा, आपल्याच मराठी 'नको'चा दख्खनी भाऊ. आता गाडीत आसनाचा पट्टा लावायला गेलो की ती मान हलवते आणि ठासून म्हणते, "नक्को!" अम्मी हसतात आणि पट्टा लावतात.